पाच माणसे आणि एक मनाई आदेश

नागपूरच्या वर्तमानपत्रांत ग्रामीण पानाच्या तळाशी वर्षातून अनेकदा एक छोटी बातमी येते. मथळा ठरलेला: ‘जिल्ह्यात मनाई आदेश लागू’. खाली सहा-सात ओळी. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चे कलम ३७ (१) व (३) लागू राहील, पाच किंवा अधिक लोकांनी जमू नये, विनापरवानगी सभा-मिरवणूक घेऊ नये. कधी कारण सणाचे असते, कधी निवडणुकीचे, कधी नुसतेच ‘कायदा व सुव्यवस्था अबाधित राहावी म्हणून’. शेजारी खताची किंवा शिकवणी वर्गाची जाहिरात. ही बातमी कोणी वाचत नाही. सावनेरच्या बसस्थानकावर पेपर चाळणारा माणूस त्यावरून थेट संत्र्याच्या भावाकडे जातो.

ती एकदा नीट वाचावी, म्हणून हा लेख. त्या कलमात बंदी कशाकशावर घालता येते ते पाहा. शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, सुरे बाळगणे, हे ठीक. दगड गोळा करून ठेवणे, हेही ठीक. पण यादी तिथे थांबत नाही. प्रेताचे किंवा पुतळ्याचे प्रदर्शन करणे, जाहीरपणे घोषणा देणे, गाणी म्हणणे, वाद्ये वाजवणे, आवेशाने भाषण करणे, हावभाव करणे, सोंग आणणे, चित्रे दाखवणे. शेवटच्या गोष्टींना ‘सभ्यतेला किंवा राज्याच्या सुरक्षिततेला बाधा येईल अशा’ अशी शेपटी आहे. पण बाधा येईल की नाही हे ठरवणारा अधिकारीच. गाणे, सोंग, हावभाव! आमच्या विदर्भात झाडीपट्टीत रात्रभर नाटके चालतात, गावोगावी दंडार होते, भजनी मंडळे आहेत, कव्वाल्या आहेत. यांपैकी प्रत्येक गोष्ट या कलमाच्या शब्दांत बसवता येते.

माझे म्हणणे थोडक्यात असे. सरकारने विरोधी आवाज कसा दाबला याचा इतिहास सांगताना आपण नेहमी मोठ्या कलमांकडे बोट दाखवतो: राजद्रोह, मिसा, टाडा, पोटा, यूएपीए. ती भयंकर आहेतच. त्यांत वर्षानुवर्षे तुरुंगात सडून निर्दोष सुटलेल्या मुस्लिम तरुणांची महाराष्ट्रातली यादी मोठी आहे, आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण सर्वसामान्य माणसाचा आवाज या कलमांनी बंद होत नाही. तो बंद होतो त्या सहा ओळींच्या बातमीने. आणि या छोट्या कलमाचा इतिहास पाहायला दिल्लीला जायची गरज नाही. तो नागपुरातच घडला आहे.

मोठ्या आणि छोट्या कलमांतला फरक आधी पाहू. १९०८ साली लोकमान्य टिळकांना ‘केसरी’तल्या लेखांसाठी राजद्रोहाच्या कलमाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच साली, त्याच कलमाखाली, अलीगढला एका तरुण उर्दू संपादकावर खटला झाला. मौलाना हसरत मोहानी. त्यांच्या ‘उर्दू-ए-मुअल्ला’ मासिकात इंग्रजांच्या इजिप्तमधल्या धोरणावर टीका करणारा लेख आला होता. लेख दुसऱ्याचा होता, पण मोहानींनी लेखकाचे नाव सांगितले नाही. दोन वर्षे सक्तमजुरी झाली, तुरुंगात जात्यावर दळण दळावे लागले, दंड वसूल करायला घरची पुस्तके विकली गेली. मोहानी टिळकांना आपला राजकीय नेता मानत. मराठीतला एक संपादक आणि उर्दूतला एक, एकाच वर्षी एकाच कलमाने आत गेले, ही गोष्ट मराठी आणि उर्दू या दोन्हींवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला विशेष जवळची वाटते. आमच्या पाठ्यपुस्तकांत टिळक मराठीच्या बाजूला राहतात आणि हसरत उर्दूच्या गझलांत, हे त्या दोघांनाही आवडले नसते.

पण लक्षात घ्या, दोघांवर खटला झाला. आरोपपत्र होते, लेख पुरावा म्हणून वाचला गेला, आरोपीला बोलायला मिळाले, त्याचे बोलणे देशभर पोचले. राजद्रोहाने माणसाला तुरुंगात टाकले आणि नायकही केले. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ असे काही करत नाही. तुम्ही काय बोललात हे ते विचारतच नाही, कारण ते तुम्ही बोलायच्या आधी येते. त्यात खटला चाललाच तर आदेश मोडल्याचा, किरकोळ. त्याच्यावर कादंबऱ्या लिहिल्या जात नाहीत.

याला अपवाद एकच, आणि तो नागपूरचा. १९२३ साली नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. १३ एप्रिलला, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, चरख्याचा झेंडा घेऊन निघालेली मिरवणूक सिव्हिल लाइन्सकडे वळली. तिथे गोऱ्या अधिकाऱ्यांचे बंगले. पोलिसांनी मिरवणूक अडवली, मारहाण केली. मग जिल्हादंडाधिकाऱ्यांचा कलम १४४ खाली आदेश आला: या भागात झेंडा घेऊन मिरवणूक नको. झेंड्यावर बंदी नव्हती, मिरवणुकीवर सरसकट बंदी नव्हती. फक्त या रस्त्यावर, या लोकांसमोर, हा झेंडा नको. कलम १४४ चा स्वभाव या एका आदेशात पूर्ण दिसतो. ते कधीच म्हणत नाही की बोलू नका. ते म्हणते, इथे नको, आज नको, इतक्या जणांनी नको.

गांधीजी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात होते. १ मेपासून जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली रोज स्वयंसेवकांची तुकडी झेंडा घेऊन निघे आणि रोज पकडली जाई. जूनमध्ये बजाजांना अटक झाली, शिक्षा झाली, वर तीन हजार रुपये दंड. दंडवसुलीसाठी त्यांची मोटार जप्त झाली, तर नागपुरात ती विकत घ्यायला कोणी पुढे येईना. विकायला ती काठियावाडपर्यंत न्यावी लागली. पुढे वल्लभभाई पटेलांनी सूत्रे घेतली. देशभरातून लोक नागपूरकडे येत राहिले. विनोबा याच सत्याग्रहात तुरुंगात गेले. अटक झालेल्यांचा आकडा दीड हजाराच्या वर गेला. १८ ऑगस्टला शंभर जणांची मिरवणूक झेंडा घेऊन त्याच सिव्हिल लाइन्समधून गेली आणि पोलिसांनी अडवली नाही. नंतर कैदीही सोडले.

काँग्रेसच्या इतिहासात हा झेंडा सत्याग्रह म्हणून लिहिला गेला. माझ्या दृष्टीने तो कलम १४४ विरुद्धचा सत्याग्रह होता. झेंडा हे निमित्त होते. एका अधिकाऱ्याने दोन परिच्छेदांचा हुकूम लिहून लोकांचा रस्ता बंद करावा का, हा मुद्दा होता.

म्हणून पुढचे जास्त खटकते. स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली, तिच्या कलम १९ मध्ये शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आला, आणि कलम १४४ जसेच्या तसे राहिले. संविधान सभेत सोमनाथ लाहिरी या कम्युनिस्ट सभासदाने मूलभूत हक्कांच्या मसुद्यावर टीका केली होती, की यातले बरेच हक्क पोलीस शिपायाच्या नजरेने लिहिले आहेत. त्यांचे ऐकले गेले नाही. ज्या पक्षाचे दीड हजार लोक या कलमापायी नागपूरच्या तुरुंगात गेले, त्याच पक्षाच्या सरकारांनी ते सांभाळून ठेवले. मुंबई राज्याने १९५१ मध्ये पोलीस अधिनियम करून त्यात कलम ३७ घातले. तेव्हा गृहमंत्री होते मोरारजी देसाई. पुढे जून १९७५ मध्ये त्यांना पहाटे घरातून उचलून नेले गेले. आपण विदर्भवासी १९५१ साली मध्य प्रदेशात होतो, म्हणून कलम ३७ आपल्याकडे नंतर आले. पण १४४ होतेच.

आणि त्याच्यावर सर्वोच्च न्यायालयाची मोहोर उमटली तीही नागपूरच्याच प्रकरणात. जानेवारी १९५६. कापड गिरणी कामगारांच्या दोन संघटनांमध्ये तणाव, संप, निदर्शने. जिल्हादंडाधिकाऱ्यांनी शहराच्या काही भागांत पाच किंवा अधिक लोकांच्या जमावावर बंदी घातली. बाबुलाल पराते यांनी त्या आदेशाला आव्हान दिले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. कलम १४४ मुळातच घटनेशी विसंगत आहे, असे म्हणणे होते. १९६१ च्या जानेवारीत निकाल लागला: कलम वैध आहे. गडबड होण्याची वाट न पाहता आधीच प्रतिबंध करणे सरकारला आवश्यक असू शकते, जागेवरचा अधिकारी परिस्थिती चांगली जाणतो, शिवाय आदेशाविरुद्ध दाद मागण्याची सोय आहे, असा युक्तिवाद मान्य झाला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर अमरावतीचे. त्यांचे वडील रघुनाथ नरसिंह मुधोळकर १९१२ साली काँग्रेसचे अध्यक्ष होते. कामगार नागपूरचे, न्यायमूर्ती वऱ्हाडचे, आणि निकाल साऱ्या देशाला लागू. आजही कुठल्याही उच्च न्यायालयात जमावबंदीचा विषय निघाला की ‘बाबुलाल पराते’ हे नाव निघते. नागपुरात मात्र ते कुणाला आठवत नाही. मी विचारून पाहिले आहे.

त्या निकालातले ‘जागेवरचा अधिकारी’ हे शब्द जरा तपासून पाहण्यासारखे आहेत. सावनेरमध्ये हा आदेश काढणारा अधिकारी महसूल खात्यातला असतो: जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी. पोलीस मागणी करतात, तो सही करतो. निदान दोन माणसे वेगळी असतात. नागपूर शहरात पोलीस आयुक्तालय आहे, आणि आयुक्तांकडे दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. म्हणजे मोर्चा नको असे ज्याला वाटते, आणि मोर्चा नको असा हुकूम जो काढतो, तो एकच. इंग्रजांच्या कायद्यातही मुळात दंडाधिकारी पोलिसापेक्षा वेगळा ठेवला होता.

आणीबाणीत या तंत्राने टोक गाठले. ऑक्टोबर १९७५ मध्ये मुंबईच्या काही वकिलांनी जिना हॉलमध्ये एक खासगी सभा ठरवली. विषय होता आणीबाणीतले नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य. बोलणार होते मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला आणि माजी सरन्यायाधीश जे. सी. शहा. पोलीस आयुक्तांचा आदेश होता की खासगी जागेतसुद्धा परवानगीशिवाय जमायचे नाही, आणि या सभेला परवानगी मिळाली नाही. म्हणजे देशाच्या माजी सरन्यायाधीशाने चार भिंतींच्या आत, वकिलांसमोर, कायद्यावर बोलायचे नाही. मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. आणीबाणी चालू असताना केला, हे त्या न्यायाधीशांचे मोठेपण. पण छागला आणि शहा यांच्यासाठी न्यायालयाचा दरवाजा लवकर उघडला. काटोल-कळमेश्वरच्या एखाद्या शेतमजूर संघटनेला त्या दिवसांत कोण वकील मिळाला असता?

काटोलवरून आठवले. १९२१ साली डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला, तो काटोल आणि भरतवाडा इथल्या भाषणांवरून. वर्षभर सक्तमजुरी झाली. त्यांनी स्थापलेल्या संघावर पुढे तीनदा बंदी आली. १९७५ च्या बंदीत संघाबरोबर जमाअत-ए-इस्लामी हिंदचेही नाव होते, आणि डिसेंबर १९९२ मध्ये पुन्हा दोघांवर एकाच वेळी बंदी आली. संघावरची बंदी १९९३ मध्ये न्यायाधिकरणाने उठवली, जमाअतवरची १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने. दोघांनाही न्यायालयातच दाद मिळाली. विरोधात असताना ज्याने मनाई भोगली त्याने सत्तेत आल्यावर ती मोडीत काढली, असे उदाहरण मला स्वातंत्र्यानंतर सापडत नाही. काँग्रेसने १४४ ठेवले. जनता सरकारने मिसा रद्द केला आणि घटनेत दुरुस्त्या केल्या, त्याचे श्रेय त्यांना आहेच, पण १४४ ला त्यांनीही हात लावला नाही. आणि १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली तेव्हा गुलामीच्या खुणा पुसल्याचा मोठा गाजावाजा झाला. १४४ चा आकडा तेवढा बदलला. आता त्याला कलम १६३ म्हणायचे.

मी भाषेचा शिक्षक आहे, तेव्हा एक भाषेची गोष्ट. घटनेत ‘एकत्र जमणे’ हा हक्क आहे, आदेशात ‘जमाव’ हा धोका आहे. क्रिया चांगली, नाम वाईट. जमा, जमात, मजमा, जुम्मा हे सगळे शब्द एकाच अरबी धातूचे, आणि मराठीतला जमावही बहुधा त्याच घराण्यातला. आमच्या घरांत हे कलम ‘दफा एकसौ चवालीस’ म्हणून ओळखले जाते आणि त्याचा उच्चार झाला की आई मुलाला घरात बोलावते. शुक्रवारी दुपारी मशिदीबाहेर पडणाऱ्या माणसांकडे पोलीस व्हॅनमधला शिपाई कसा पाहतो हे प्रत्येक मुस्लिम वाचकाला माहीत आहे. चार मित्र कट्ट्यावर बसले तर गप्पा. तेच चार आणि पाचवा, पाचही टोपीवाले, तर जमाव. कायदा असे म्हणत नाही. पण कायदा वापरणारा माणूस आपली नजर घेऊनच येतो, आणि असे ढिले कलम त्या नजरेला मोकळे रान देते.

इथे आपल्याच लोकांना एक आठवण द्यावीशी वाटते. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत मोर्चा काढला. तोंडी तलाकविरुद्ध. सात जणी. पाचपेक्षा दोन जास्त. त्या दिवशी त्या रस्त्यावर जमावबंदी असती तर त्या सात जणी बेकायदेशीर जमाव ठरल्या असत्या. दलवाईंचे सगळेच मला पटते असे नाही, विशेषतः धर्माविषयीचा त्यांचा सूर. पण त्या स्त्रियांना रस्त्यावर चालण्याचा हक्क होता यात मला शंका नाही, आणि तेव्हा आपल्यातल्याच अनेकांना त्या गप्प बसाव्यात असे वाटत होते. एखादे पुस्तक आले, एखादा वक्ता येणार असला, की कलेक्टरकडे निवेदन घेऊन जाऊन ‘कार्यक्रमास परवानगी देऊ नये’ असे लिहिणारे आपणही आहोत. ते निवेदन ज्या फाइलीत लागते त्याच फाइलीतून पुढे आपल्या धरण्याचा अर्ज नामंजूर होतो.

नागपूरकरांना तर हिवाळी अधिवेशनामुळे दरवर्षी डिसेंबरमध्ये हे सारे डोळ्यांनी दिसते. यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, ठरलेल्या ठिकाणी कठडे लागलेले असतात, विधानभवन दिसतही नाही अशा अंतरावर मोर्चा थांबतो, शिष्टमंडळाला आत नेतात, निवेदन घेतात. विनाअनुदानित शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशाताई, सगळे या रस्त्यावर बसून गेले आहेत. हे बरेच शिस्तीत चालते, हे मान्य. पण २३ नोव्हेंबर १९९४ विसरून कसे चालेल? आदिवासींच्या सवलती मागायला आलेला गोवारींचा मोर्चा पोलिसांनी अडवला. संध्याकाळपर्यंत कोणी मंत्री निवेदन घ्यायला आला नाही. मग गोंधळ, लाठी, चेंगराचेंगरी. ११४ माणसे मेली, त्यांत बहुतेक बायका आणि मुले. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आता त्यांचे नाव आहे. त्या दिवशी कोणाचा आवाज कोणत्या कलमाने दाबला असे दाखवता येणार नाही. पण निवेदन घेऊन आलेल्या हजारो माणसांकडे ऐकून घेण्याची माणसे म्हणून न बघता अडवून ठेवण्याचा जमाव म्हणून बघितले, की काय होते ते तिथे झाले.

आता माजलगाव. बीड जिल्ह्यातले सावनेरसारखेच तालुक्याचे गाव. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या काही मुस्लिम नागरिकांनी नागरिकत्व सुधारणा कायद्याविरुद्ध ईदगाह मैदानावर संध्याकाळी शांततेने धरणे धरायची परवानगी मागितली. पोलिसांनी नाकारली. कारण? अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्यांचा कलम ३७ खालचा मनाई आदेश. तीच सहा ओळींची बातमी, जी कोणी वाचत नाही. बहुतेक ठिकाणी गोष्ट इथे संपते. माजलगावकर औरंगाबाद खंडपीठात गेले. १३ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे आणि न्यायमूर्ती एम. जी. शेवलीकर यांनी निकाल दिला. आदेश वरवर सगळ्यांसाठी दिसत असला तरी प्रत्यक्षात तो या आंदोलकांचा आवाज बंद करण्यासाठी होता, असे न्यायालयाला दिसले. एका कायद्याला विरोध करायचा म्हणून शांततेने बसणाऱ्यांना देशद्रोही म्हणता येणार नाही, हा देश स्वतंत्रच मुळी अहिंसक आंदोलनांनी झाला, आणि आता आपल्याच सरकारविरुद्ध आंदोलन करावे लागत असले तरी त्या कारणाने ते दडपता येत नाही, असे न्यायालय म्हणाले. अधिकाऱ्यांना मानवी हक्कांचे प्रशिक्षण द्यायला हवे, असेही. आदेश आणि परवानगी नाकारणारे पत्र, दोन्ही रद्द झाले.

त्याच महिन्यात बंगळुरूमधला डिसेंबर २०१९ चा १४४ चा आदेश कर्नाटक उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला. तिथे मुख्य न्यायमूर्ती होते अभय ओक. त्या आदेशाच्या वेळी इतिहासकार रामचंद्र गुहा यांना एकट्याने उभे असताना पोलिसांनी धरून नेले होते, म्हणून तो जास्त गाजला. माजलगावचा निकाल त्याच्याइतकाच महत्त्वाचा आहे आणि तो आपल्या मातीतला आहे. मात्र दोन्हींत एक अडचण सारखीच: निकाल आला तोवर आदेशाची मुदत संपत आली होती किंवा संपली होती. हीच या छोट्या कलमाची ताकद. १४४ चा आदेश जास्तीत जास्त दोन महिने, कलम ३७ खालची सभाबंदी शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवस. न्यायालयात याचिका तयार होईपर्यंत पंधरा दिवस गेलेले असतात आणि ज्या प्रश्नासाठी जमायचे होते तो प्रश्नही पुढे सरकलेला असतो. मग सोळाव्या दिवशी नवा आदेश, नवी तारीख, मजकूर तोच.

यावर एक रास्त प्रश्न येईल: दंगल पेटलेली असताना जमावबंदी नको का? हवी. १७ मार्च २०२५ च्या रात्री नागपुरात महालच्या बाजूला जे झाले ते आपण पाहिले. त्या रात्री पोलिसांनी संचारबंदी लावली, बरे केले. माझी तक्रार असलीच तर उलट आहे. दिवसा औरंगजेबाच्या कबरीवरून चिथावणीची निदर्शने झाली तेव्हा प्रतिबंध सुचला नाही, आग लागल्यावर सुचला. धरण्यावर बसणाऱ्या बाईच्या हातात पत्रा नसतो, पेट्रोलची बाटली नसते. तिच्यासाठी आदेश आधीच तयार असतो. कलम खरोखर प्रतिबंधासाठी वापरायचे तर हिंसेची खरी शक्यता कुठे आहे याचा शोध घ्यावा लागेल. जिल्ह्यात सरसकट पंधरा दिवस गाण्यावर आणि घोषणांवर बंदी घालून हिंसा थांबत नाही. सही करणाऱ्याची जबाबदारी तेवढी हलकी होते.

आणि या सगळ्यावर आता जनसुरक्षा विधेयक. जुलै २०२५ मध्ये ते विधिमंडळात मंजूर झाले. संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक हरकती आणि सूचना आल्या होत्या. सरकार म्हणते हे कडव्या डाव्या संघटनांसाठी आहे. असेलही. पण त्यातल्या ‘बेकायदेशीर कृत्या’च्या व्याख्येत प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे हेही बसते. जमनालाल बजाज १९२३ च्या मे महिन्यात रोज सकाळी नेमके हेच करत होते. गडचिरोलीच्या जंगलातल्या बंदूकधाऱ्याला पकडायला आधीच पुरेसे कायदे आहेत. हा नवा कायदा संघटनांसाठी आहे, म्हणजे पुन्हा जमण्याविषयीच आहे. मनाई आदेशाने पंधरा दिवस जमता येत नव्हते, यात संघटनाच बेकायदा ठरवता येते. म्हणून जनसुरक्षेच्या विरोधात बोलणाऱ्या माझ्या मित्रांना मी सांगतो, त्या कलम ३७ च्या बातमीपासून सुरुवात करा. सवय तिथे लागली आहे.

करता येण्यासारखे बरेच आहे आणि त्यातले काही फुकट आहे. जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर, काश्मीरच्या संदर्भात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कलम १४४ चे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, त्यांत आदेशामागची परिस्थिती नमूद पाहिजे, आणि केवळ वेगळे मत मांडणे दडपण्यासाठी हे कलम वापरता येणार नाही. म्हणजे मनाई आदेशाची प्रत मागणे हा तुमचा हक्क आहे. पुढच्या वेळी तहसीलमध्ये कोणी तोंडी सांगितले की ‘सध्या बंदी आहे, परवानगी नाही’, तर आदेश क्रमांक विचारा, तारीख विचारा, नाकारल्याचे पत्र लेखी मागा आणि आवक शिक्का मारलेली आपल्या अर्जाची पोच जपून ठेवा. आदेश १६३ खालचा असेल तर त्याच कलमात आणखी एक सोय आहे जी फारच थोडे लोक वापरतात: ज्याला आदेशाचा त्रास होतो तो स्वतः अर्ज करून आदेश रद्द करण्याची किंवा बदलण्याची मागणी करू शकतो. अधिकाऱ्याने त्याला लवकरात लवकर, प्रत्यक्ष किंवा वकिलामार्फत, बाजू मांडू द्यायची असते, आणि अर्ज फेटाळला तर कारणे लेखी नोंदवायची असतात. या अर्जाला वकील लागत नाही. एक पान पुरते, मराठीत चालते. माझ्या शाळेतल्या दहावीच्या मुलींना मी औपचारिक पत्रलेखनाच्या तासाला हाच विषय देतो. मायना, संदर्भ क्रमांक, विषय, आणि खाली पाच जणींच्या सह्या.